अटक झालेला खेळाडू शनिवारी खेळणार की नाही, हे कोचने ठरवू नये

प्रश्न असा आहे की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या एखाद्या खेळाडूला मारहाण, बलात्कार, घरगुती हिंसाचार अशा गुन्ह्यात अटक झाली तर कॉलेजने त्याला लगेच काढून टाकावं की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबावं? मी इथल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये विद्यार्थ्यांच्या शिस्तीची प्रकरणं बघणाऱ्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय, त्यात खेळाडूंची प्रकरणं पण आली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्ही नको. हिंसक गुन्ह्यात अटक झाली की खेळाडू त्याच दिवशी मैदानाबाहेर, पण ती शिक्षा समजायची नाही, तो तात्पुरता बंदोबस्त. शिक्षा नंतर, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या चौकशीत जे निघेल त्यावर, कोर्टाच्या तारखा मोजत न बसता. आणि या दोन्ही निर्णयांत हेड कोचला मत नसावं, हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

ज्यांनी हे अमेरिकन फुटबॉल (आपण फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे) जवळून बघितलं नाहीये त्यांना आधी त्याचा पसारा कळायला हवा. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या एका स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात आणि ते भरतं. कितीतरी राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच, गव्हर्नर त्याच्या आसपास पण नसतो. रेग्युलर सीझन फक्त १२ मॅचचा, त्या बहुतेक शनिवारी, म्हणजे दोन-तीन मॅच हरल्या की वर्ष गेलं आणि अशी दोन वर्षं गेली की कोचची नोकरी गेली. अशा माणसाला आपण विचारतो की तुझा सगळ्यात चांगला रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा खेळाडू, शनिवारी बाहेर बसवायचा का. तो माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही, मी भेटलेले बहुतेक कोच आपल्या पोरांवर मनापासून जीव लावणारे होते, पण ज्याचं पोट त्या निर्णयावर आहे त्याला न्यायाधीश करायचं नसतं. २०११ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड आणि सीबीएस न्यूजने मिळून टॉप २५ टीमच्या २,८३७ खेळाडूंचे पोलिस रेकॉर्ड तपासले होते, साधारण ७ टक्के खेळाडूंच्या नावावर काही ना काही निघालं, आणि त्या २५ पैकी फक्त दोनच कॉलेजं पोरं घेताना त्यांचं गुन्ह्यांचं रेकॉर्ड बघत होती. म्हणजे माहिती मिळत नव्हती असं नाही, कोणी बघितलंच नव्हतं.

आता अटक म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. अटक म्हणजे पोलिसाला त्या रात्री वाटलं की संशयाला पुरेसं कारण आहे, बस. त्यानंतर सरकारी वकील ठरवतो की गुन्हा लावायचा का आणि कुठला, फेलनी म्हणजे गंभीर की मिस्डिमीनर म्हणजे किरकोळ. खूप कॉलेजांचे नियम या फेलनी शब्दाला बांधलेले असतात, फेलनी लागली की खेळायचं नाही, एवढंच. ऐकायला कडक वाटतं पण त्याने होतं काय ते बघा. फ्लोरिडा स्टेटमध्ये असा नियम होता आणि १९९९ मध्ये तिथला स्टार रिसीव्हर पीटर वॉरिक दुकानातल्या चोरीच्या केसमध्ये अडकला, फेलनी होती तोवर दोन मॅच बाहेर बसला, वकिलांनी बोलणी करून ती मिस्डिमीनरवर आणली आणि तो परत खेळायला आला, टीम त्या सीझनला चॅम्पियन झाली. ती चोरी होती, हिंसा नव्हती, पण यंत्रणा हीच. म्हणजे खेळाडू शनिवारी खेळणार का, हे शेवटी सरकारी वकील कुठल्या कलमावर तडजोड करतो यावर ठरतं, आणि तो वकील गावातलाच असतो, निवडून येतो, त्याला पण शनिवारी काय होतं ते कळतं. जो मिक्सनचं उदाहरण याहून वाईट. जुलै २०१४ मध्ये ओक्लाहोमाच्या नॉर्मन गावात एका खाण्याच्या ठिकाणी त्याने एका मुलीच्या तोंडावर ठोसा मारला, तिने आधी त्याला ढकललं होतं आणि चापट मारली होती हे खरं, पण त्या एका ठोशात तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. गुन्हा कुठला लागला? मिस्डिमीनर. गुन्हा कबूल न करता पण पुरावा शिक्षेला पुरेसा आहे हे मान्य करून केस मिटली. कागदावर किरकोळ, चेहऱ्यावर मोडलेली हाडं. म्हणून नियम कलमावर बांधू नका, कृत्यावर बांधा: कोणाला शारीरिक इजा केल्याचा, गळा दाबल्याचा, शस्त्र दाखवल्याचा, लैंगिक जबरदस्तीचा आरोप असेल तर हा नियम लागू, मग वर लेबल कुठलंही असो.

मग पहिल्या दिवशी काय करायचं? मैदानाबाहेर काढायचं, आणि ते करताना तोंडाने आणि लिहून दोन्हीकडे स्पष्ट सांगायचं की तू दोषी आहेस असं आम्ही ठरवलेलं नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण परत फ्लोरिडा स्टेटचंच आहे, २०१५ चा उन्हाळा. दोन खेळाडू, एकच गाव, दोघांवर बारमध्ये किंवा बारच्या बाहेर बाईला मारल्याचा आरोप, दोन्ही एकाच आठवड्यातले. एक डिआंद्रे जॉन्सन, क्वार्टरबॅक, त्याचा व्हिडिओ सरकारी वकिलाने बाहेर आणला, त्यात तो ठोसा मारताना दिसतो, त्याच दिवशी टीममधून बाद. दुसरा डॅल्विन कुक, त्याचा तसा व्हिडिओ नव्हता, त्याला बेमुदत सस्पेंड केलं, ऑगस्टमध्ये ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं आणि तो त्याच दिवशी टीममध्ये परत आला, पहिली मॅच पण हुकली नाही. कुकला पहिल्याच दिवशी कायमचं काढलं असतं तर एका निर्दोष ठरलेल्या पोराचं करिअर गेलं असतं, आणि काहीच न करता खेळवलं असतं तर तक्रार करणाऱ्या बाईला आणि कॅम्पसवरच्या प्रत्येक मुलीला काय संदेश गेला असता तो वेगळा सांगायला नको. तात्पुरतं बाहेर ठेवणं हा मधला रस्ता आहे म्हणून मी तो सांगत नाही, त्या दिवशी जेवढी माहिती हातात असते तेवढ्यावर प्रामाणिकपणे एवढंच करता येतं म्हणून सांगते.

पण तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच राहायला हवं. इथे कॉलेजं मार खातात. टेरेन्स शॅनन ज्युनियर, इलिनॉयचा बास्केटबॉलपटू, फुटबॉलचा नाही पण नियम तेच, डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्ससमध्ये बलात्काराचा आरोप लागला आणि युनिव्हर्सिटीने त्याला सस्पेंड केलं. तो फेडरल कोर्टात गेला. जानेवारीत कोर्टाने सांगितलं की याला परत घ्या, कारण आता खेळण्यावर त्याची कमाई आणि एनबीएतलं भवितव्य अवलंबून आहे, सरकारी युनिव्हर्सिटी ते पुरेशा न्याय्य प्रक्रियेशिवाय काढून घेऊ शकत नाही. सहा मॅच बाहेर बसून तो परत आला, उरलेला सीझन खेळला, जून २०२४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच महिन्यात एनबीएने निवडला. खूप लोकांनी यातून असा अर्थ काढला की आता सस्पेंड करताच येणार नाही. मला तसं वाटत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की सस्पेंड करताना त्याची बाजू ऐकून घ्यायची संधी द्या, थोड्या दिवसांत एका तटस्थ समितीपुढे त्याचा वकील बोलू दे, समितीने लेखी कारणं द्यावीत, आणि ठरावीक दिवसांनी परत आढावा घ्यावा, केस पुढे सरकली का, नवीन पुरावा आला का, आरोप मागे घेतले का. नुसतं 'बेमुदत सस्पेंड' लिहून हात झटकले की कोर्टात हरणारच.

आता कोचकडे येते, कारण माझा खरा राग इथे आहे. टॉम ऑसबॉर्न, नेब्रास्काचे कोच, अतिशय सभ्य माणूस म्हणून ख्याती, नंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून आले. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा रनिंग बॅक लॉरेन्स फिलिप्स मिशिगन स्टेटविरुद्ध २०० च्या वर यार्ड धावला आणि त्याच वीकेंडला आपल्या आधीच्या गर्लफ्रेंडला केसाला धरून जिन्यावरून ओढत नेलं. ती पण त्याच युनिव्हर्सिटीची खेळाडू होती. ऑसबॉर्ननी आधी टीममधून काढलं असं जाहीर केलं, मग ते सस्पेन्शन झालं, सहा मॅच, आणि नोव्हेंबरमध्ये तो परत. त्यांचं म्हणणं असं होतं की या पोराच्या आयुष्यात फुटबॉल हीच एकमेव शिस्त आहे, ती काढली तर तो वाया जाईल. मला ते खोटं वाटत नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण बघा, जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बाउलमध्ये फिलिप्स १६५ यार्ड धावला, नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२-२४ ने हरवून चॅम्पियनशिप घेतली, आणि आज कोणीही सांगू शकत नाही की तो परत का आला, त्याच्या भल्यासाठी की त्या १६५ यार्डांसाठी. स्वतः ऑसबॉर्नसुद्धा ते वेगळं काढू शकले नसते. फिलिप्स सुधारला पण नाही, एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगने, सहाव्या नंबरला उचलला, मग परत बायकांवर हात, मग ३० वर्षांच्या वर तुरुंगवास, आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मृतावस्थेत सापडला. आणि ती मुलगी? तिला त्याच कॅम्पसवर, त्याच खेळाडूंच्या इमारतींमध्ये तो सीझन काढावा लागला. तिच्या भल्याचा हिशोब त्या सहा मॅचमध्ये कुठे होता, हे मी कित्येक ट्रेनिंगमध्ये विचारलंय.

बेलर युनिव्हर्सिटीत तर कोचचं राज्य म्हणजे काय ते लेखी सापडतं. मे २०१६ मध्ये पेपर हॅमिल्टन या वकिलांच्या फर्मच्या चौकशीचे निष्कर्ष बाहेर आले: फुटबॉल स्टाफने शिस्तीची आपली वेगळीच अंतर्गत व्यवस्था चालवली होती, काही कोचेस तक्रार करणाऱ्या मुलींना किंवा त्यांच्या घरच्यांना स्वतः भेटले, कुठलंही ट्रेनिंग नसताना स्वतः चौकशा केल्या आणि ती माहिती बाहेर जाऊच दिली नाही. हेड कोच आर्ट ब्राइल्स गेले, प्रेसिडेंट केन स्टार पदावरून गेले, ॲथलेटिक डायरेक्टरने राजीनामा दिला. तोवर टेविन इलियट नावाच्या खेळाडूला लैंगिक अत्याचारासाठी जानेवारी २०१४ मध्ये २० वर्षांची शिक्षा होऊन दोन वर्षं झाली होती. आणि एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची सर्वोच्च संस्था, तिने काय केलं? ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल दिला की लैंगिक हिंसाचाराच्या हाताळणीत जे घडलं ते अतिशय वाईट आहे, पण त्याने आमचा कुठला नियम मोडत नाही. खेळाडूला फुकट जेवण किंवा गाडी दिली की मोडणारे नियम यांच्याकडे पानंच्या पानं आहेत, या बाबतीत नव्हता. म्हणून वरून कोणी येऊन हे सोडवेल अशी आशा मी ठेवत नाही, प्रत्येक युनिव्हर्सिटीने आपल्या घरात करायचं काम आहे.

मिनेसोटात उलटं घडलं, तिथे युनिव्हर्सिटीने कोचला बाजूला ठेवून निर्णय घेतला. डिसेंबर २०१६, लैंगिक अत्याचाराची तक्रार, सरकारी वकिलाने आधीच गुन्हा लावायला नकार दिला होता, तरी युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या चौकशीवरून दहा खेळाडू सस्पेंड झाले. सगळी टीम बहिष्कारावर गेली, हॉलिडे बाउल ही सीझननंतरची मॅच खेळणार नाही म्हणाली, आणि हेड कोच ट्रेसी क्लेज यांनी ट्विट करून टीमचा अभिमान वाटतो असं लिहिलं. त्यानंतर ८० पानांचा चौकशी अहवाल एका टीव्ही चॅनलने बाहेर काढला, पोरांनी वाचला, बहिष्कार संपला. जानेवारीत क्लेज यांना काढलं. त्या दहांपैकी नंतरच्या सुनावणीत काही दोषी ठरले, काही सुटले, म्हणजे प्रक्रियेने माणसामाणसात फरक केला, जो करायलाच हवा होता. मला यात सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी की टीमला काहीच सांगितलेलं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे तपशील सांगता येत नाहीत हे मान्य, पण नियम काय आहे, कोण ठरवतो, किती दिवसांत, सस्पेंड म्हणजे दोषी नव्हे, हे सगळं ऑगस्टच्या कॅम्पमध्ये, कोणाचंही नाव त्यात यायच्या आधी, सगळ्यांना सांगून त्यांची सही घ्यायला हवी. आयत्या वेळी सांगितलेला नियम कोणालाच न्याय वाटत नाही.

मग ठरवणार कोण? माझ्या अनुभवात चालणारी रचना अशी: तीन ते पाच माणसं, त्यात विद्यार्थी-शिस्तीच्या ऑफिसातलं कोणी, एक प्राध्यापक, एक बाहेरचा निवृत्त न्यायाधीश किंवा वकील, आणि कोणीही ॲथलेटिक डिपार्टमेंटच्या पगारावर नाही. तिकिटांवर, देणगीदारांवर ज्यांचा बोनस ठरतो असं कोणी नाही. ॲथलेटिक डायरेक्टरने माहिती पुरवायची, मत द्यायचं नाही. कोच आणि स्टाफला एकच काम, कानावर काही आलं की त्याच दिवशी टायटल नाइन ऑफिसला (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या कायद्याखाली लैंगिक हिंसेच्या तक्रारी बघणारं ऑफिस) कळवायचं आणि तक्रार करणाऱ्या मुलीला फोन करायचा नाही, तिच्या आईला नाही, तिच्या रूममेटला पण नाही. हे मोडलं तर कोचच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नुकसानभरपाई न देता काढायचं कलम असलंच पाहिजे, नुसती समज देऊन भागत नाही.

तात्पुरत्या बंदोबस्तात नक्की काय काय येतं हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. लोक फक्त मॅच बघतात. पण बहुतेक सस्पेंड खेळाडू प्रॅक्टिसला येत असतात, वेट रूममध्ये असतात, टीमबरोबर जेवतात, ट्युटरिंग सेंटरमध्ये बसतात. त्या इमारतीत काम कोण करतं? विद्यार्थी ट्रेनर, पायाला टेप बांधणारी, व्हिडिओ काढणारी, मॅनेजरचं काम करणारी मुलं-मुली, बऱ्याचदा १९-२० वर्षांच्या. कधीकधी तक्रार करणारीच तिथे काम करत असते. तिने शिफ्ट सोडायची, तिने जिम बदलायची, तिने ट्युटरिंगला रात्री जायचं, असं होऊ द्यायचं नाही. हलायचं असेल तर त्याने हलायचं. दोघांना एकमेकांशी संपर्क नको हा लेखी आदेश पहिल्या २४ तासांत, आणि तो टीममेट्सना पण लागू, कारण धमक्या खेळाडू स्वतः देत नाही, त्याचे मित्र देतात, मेसेजवर, तिच्या मैत्रिणींना. त्याच वेळी त्या मुलाचं जेवण, राहणं, डॉक्टर, समुपदेशक, अभ्यास चालू ठेवायचा. १९ वर्षांचं पोरगं एका रात्रीत टीम, मित्र, दिनक्रम सगळं गमावतं, त्याला खोलीत एकटं सोडून देणं धोक्याचं असतं, हे मी जवळून बघितलंय.

शिक्षेचं काय. इथे मला गुळमुळीत बोलायचं नाही. चौकशीत हिंसा सिद्ध झाली, म्हणजे पुरावा बघता झालं असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त, तर टीममध्ये जागा नाही. एक मॅच, दोन मॅच, अर्धा सीझन हे सगळे आकडे कोचने समोर प्रतिस्पर्धी कोण आहे ते बघून काढलेले असतात. २०१६ मध्ये मिसिसिपी स्टेटने जेफरी सिमन्सला घेतलं, त्याचा जमिनीवर पडलेल्या बाईला ठोसे मारतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, आणि शिक्षा एक मॅच, साउथ अलाबामाविरुद्धची. ती पण ते हरले, पण तो मुद्दा नाही, मुद्दा असा की एक मॅच हा आकडा कुठून आला हे कोणी सांगू शकत नाही. मिक्सनला ओक्लाहोमाने एक पूर्ण सीझन बसवला, स्कॉलरशिप ठेवली, त्यानंतर तो दोन सीझन खेळला. कोच बॉब स्टूप्सनी मिक्सनच्या ठोशाचा व्हिडिओ २०१४ मध्येच बघितला होता. डिसेंबर २०१६ मध्ये जगाने बघितला तेव्हा ते म्हणाले की आज असं झालं तर टीममधून काढण्याशिवाय पर्यायच नाही. अडीच वर्षांत बदललं काय? व्हिडिओ तोच, ठोसा तोच, फक्त बघणारे वाढले. लोकांनी बघितल्यावर जी शिक्षा योग्य वाटते तीच लोकांनी बघायच्या आधी योग्य असते, समितीला हा प्रश्न मी नेहमी विचारायला लावते.

टीममधून काढणं आणि शिक्षण काढून घेणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. कोच टीममधून काढू शकतो, पण वर्षाच्या मध्ये स्कॉलरशिप काढायची तर एनसीएएच्या नियमाप्रमाणे गंभीर गैरवर्तन विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शिस्त समितीने ठरवलेलं असावं लागतं, आणि हे बरोबर आहे. कॅम्पसवर राहणं धोकादायक नसेल तर पोराने डिग्री पुरी करावी असं मला वाटतं. फुटबॉल खेळणं हा हक्क नाही, शिकायची वाट मात्र अगदीच बंद करू नये.

पुढचा प्रश्न, काढलं की तो जातो कुठे? दुसऱ्या कॉलेजात. जॉर्जियाने जुलै २०१४ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या अटकेनंतर काढलेला एक लाइनमन जानेवारीत अलाबामात होता, आणि मार्चमध्ये परत अटक (नाव घेत नाही, त्या दुसऱ्या प्रकरणातली तक्रार नंतर मागे घेतली गेली). त्यानंतर मे २०१५ मध्ये एसईसी, म्हणजे दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांच्या लीगने, लैंगिक किंवा घरगुती हिंसेसाठी काढलेल्या खेळाडूंचं ट्रान्सफर बंद केलं, पण शाळेतून थेट येणाऱ्यांना तो नियम नव्हता, म्हणून सिमन्सला प्रवेश मिळाला. इंडियाना युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन असा इतिहास असलेल्या कुणालाच घ्यायचं नाही असं ठरवलं. एनसीएएने २०२० मध्ये ठरवलं की खेळाडूने दरवर्षी स्वतः जाहीर करायचं आणि नव्या कॉलेजने जुन्या कॉलेजला विचारायचं, ते प्रत्यक्षात २०२२-२३ पासून लागलं. बरं झालं, पण यात विचारायचं असतं, काय उत्तर आलं की काय करायचं हे कॉलेजवर सोडलंय. शिवाय आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायला नाव नोंदवायची ऑनलाइन यादी, आलंय, चौकशी सुरू असताना पोरगं दोन दिवसांत दुसऱ्या राज्यात पोचतं. यावर उपाय साधा आहे, तो निघून गेला तरी चौकशी पुरी करायची, निष्कर्ष लिहायचे, आणि नव्या कॉलेजने विचारलं की लेखी द्यायचे, खासगीपणाचा कायदा याला आडवा येत नाही. न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियात २०१५ पासून मार्कशीटवरच नोंद करावी लागते. कोचने कोचला फोनवर 'पोरगा बरा आहे' सांगणं बंद झालं पाहिजे. बेलरने बॉइसी स्टेटने काढलेला खेळाडू घेतला तेव्हा दोन हेड कोचमध्ये फोनवर काय बोलणं झालं यावरून पुढे जाहीर वाद झाला, कारण कागद नव्हता.

ड्यूकचं काय, हा प्रश्न नेहमी येतो आणि यायलाच हवा. २००६ मध्ये ड्यूकच्या लॅक्रॉस टीमच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप लागला, युनिव्हर्सिटीने सीझनच रद्द केला, कोचला राजीनामा द्यावा लागला, आणि एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिघेही निर्दोष आहेत असं जाहीर केलं. सरकारी वकिलाची सनद गेली. ती पोरं पैसेवाल्या घरातली होती, चांगले वकील होते म्हणून वर्षभरात सुटली. फुटबॉल टीममध्ये काळ्या मुलांचं प्रमाण मोठं असतं, बऱ्याच जणांच्या घरी वकिलाचे पैसे नसतात, आणि अमेरिकन पोलिस कोणाला पटकन बेड्या घालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच अटक एवढ्याच कारणावरून कायमची शिक्षा करायला माझा ठाम विरोध आहे. आणि म्हणूनच खेळाडूला युनिव्हर्सिटीच्या खर्चाने सल्लागार द्या असं मी म्हणते, तक्रार करणाऱ्या मुलीला पण द्या.

कोर्टात केस चालू असताना खेळाडूचा वकील सांगतो, कॉलेजच्या सुनावणीत एक शब्द बोलू नकोस, तुझ्याविरुद्ध वापरतील. ते बरोबरच आहे. मग कॉलेज म्हणतं थांबू, आणि थांबता थांबता सीझन संपतो, मुलगी कॉलेज सोडून जाते. थोडं थांबावं, पोलिसांना पुरावा गोळा करेपर्यंत, काही आठवडे. त्यानंतर सुनावणी घ्यायची, तो गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध काढायचा नाही, पण बाकीचा पुरावा बघून निर्णय द्यायचा.

पैशाबद्दल थोडक्यात. जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर कमवू शकतात, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे कॉलेजं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून २०.५ मिलियन डॉलरपर्यंत. म्हणजे आता कॉन्ट्रॅक्ट आहेत. त्यात हे सगळं लिहून टाका. तात्पुरत्या सस्पेन्शनच्या काळात कॉलेजकडून मिळणारे पैसे चालू ठेवा, एनएफएलमध्ये खेळाडूला पगार चालू ठेवून बाजूला बसवायची पद्धत आहे तशी, मग कमाई बुडते हा कोर्टातला सगळ्यात मोठा मुद्दाच जातो. दोषी ठरला तर बंद.

शेवटी, इथे मोठ्या युनिव्हर्सिट्यांत शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, कारण मला हे बऱ्याचदा विचारतात. व्हिसावर असलेल्या विद्यार्थिनीला टायटल नाइनचं संरक्षण नागरिकाइतकंच आहे, तक्रार केल्याने एफ-१ व्हिसा जात नाही. धक्क्यामुळे सगळे कोर्स झेपत नसतील तर डॉक्टरांच्या पत्रावर कमी कोर्स घेता येतात, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसची मंजुरी आधी घ्या, कोर्स नंतर सोडा, हा क्रम चुकवू नका. कॅम्पसवर कोणाशी बोलताय ते आधी विचारा, समुपदेशक गुपित ठेवू शकतो, पण खूप ठिकाणी प्राध्यापकाला किंवा हॉस्टेलच्या आरएला (मजल्यावर देखरेख करणारा विद्यार्थी) पुढे कळवावंच लागतं. कोच किंवा त्याच्या ऑफिसातून कोणी भेटायला बोलावलं तर जाऊ नका, टायटल नाइन ऑफिसला सांगा. आणि पहिल्याच दिवशी, तक्रार करायची की नाही हे ठरलं नसलं तरी, त्या इमारतीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा ईमेल युनिव्हर्सिटी पोलिसांना टाका. व्हँडरबिल्टमध्ये २०१३ साली हॉस्टेलचा स्टाफ दुसऱ्याच कारणासाठी, एका मोडलेल्या दाराची चौकशी म्हणून, कॉरिडॉरचं फुटेज बघत होता, त्यात फुटबॉल खेळाडू एका बेशुद्ध मुलीला उचलून नेताना दिसले. तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. त्या फुटेजवरून चौघे टीममधून गेले आणि पुढे तिघांना ज्युरीने दोषी ठरवलं, चौथ्याने गुन्हा कबूल केला. बहुतेक ठिकाणी असं फुटेज काही आठवड्यांत पुसलं जातं, म्हणून तो ईमेल तारीख, वेळ आणि दाराचा नंबर लिहून त्याच दिवशी पाठवा आणि पोच मागा.